पपनसाचा पालोमा, इंदूर : कामाच्या नोंदी

१९ ऑक्टोबर २०२४, शनिवार : काय करायचंय आणि काय आणलं

पालोमा हे मेक्सिकोचं पेय : टकिला, लिंबू, चिमूटभर मीठ आणि वरून ग्रेपफ्रूटचा सोडा. उंच ग्लास, भरपूर बर्फ. ऑक्टोबरच्या उकाड्यात मार्गारिटापेक्षा हाच बरा. मार्गारिटा हेही टकिलाचंच पेय, पण तिला संत्र्याचं लिकर (गोड मद्य) लागतं, म्हणजे आणखी एक महागडी बाटली, आणि त्यात पातळ करणारं काहीच नसल्यामुळे ती लवकर चढते.

अडचण ग्रेपफ्रूटची. इंदुरात ते कधीतरी एखाद्या मोठ्या फळवाल्याकडे परदेशी फळांच्या टोपलीत दिसतं, भाव विचारून परत ठेवावं असं. ग्रेपफ्रूटचा सोडाही भरवशाने मिळत नाही. पण ग्रेपफ्रूट मुळात पपनस आणि संत्रं यांच्या संकरातून आलेलं फळ आहे, आणि पपनसं या दिवसांत मंडीत येतात. चोइथराम मंडीत ‘चकोतरा’ म्हणून मागावं. तर पपनसातून तो कडवट-आंबट तोल काढायचा, एवढंच हे काम.

आणलेलं सामान :

टकिला ७५० मिली, सुमारे ३४०० रुपये. बाटलीवर ‘१०० टक्के अगावे’ लिहिलेलं असणं महत्त्वाचं. अगावे म्हणजे घायपातीच्या जातीची वनस्पती, टकिला तिच्यापासूनच करतात. ते नसेल तर ती मिश्र टकिला. तिच्यात किमान ५१ टक्के साखर अगावेची असावी लागते, उरलेली उसाची वगैरे चालते. ‘गोल्ड’ नावाच्या स्वस्त बाटल्या बहुतेक याच जातीच्या. सोनेरी रंग कॅरमेलचा असतो, पिंपात ठेवल्याचा नाही. या पेयाला ब्लांको, म्हणजे न मुरवलेली पांढरी टकिला घ्या. रेपोसादो किमान दोन महिने लाकडात मुरते. तिचा लाकडी गोडवा इथे पपनसाच्या कडवटपणाशी भांडतो, आणि वरचे पैसे वाया जातात. भारतात दख्खनच्या अगावेपासून केलेली स्पिरिटंही मिळतात. मेक्सिकोबाहेर केलेली असल्यामुळे त्यांना टकिला म्हणता येत नाही, पण या ग्लासात ती उत्तम चालतात.

लहान वाइन शॉपमध्ये व्हिस्की-रमपलीकडे फारसं काही नसतं. आधी फोन करून विचारा, चक्कर वाचते.

पपनसं दोन, प्रत्येकी सव्वा किलोच्या आसपास, १४० रुपये. कागदी लिंबं एक डझन, ६० रुपये. सोड्याच्या ७५० मिलीच्या दोन बाटल्या, ४० रुपये. साखर, मीठ घरातलं. सायट्रिक ॲसिड सियागंजच्या घाऊक बाजारातून. तिथे नुसतं ‘टाटरी’ म्हटलं तर सायट्रिकऐवजी टार्टारिकही हातात पडू शकतं, तेव्हा पाकिटावर सायट्रिक ॲसिड छापलेलं पाहूनच घ्यावं.

लिंबाबाबत आपण नशीबवान. मेक्सिकोत या कामाला जे छोटं, पातळ सालीचं, बियांचं लिंबू वापरतात ते आपलं कागदी लिंबूच. बिनबियांचं मोठं, हिरवंगार लिंबू दिसायला छान, पण वासात त्याची बरोबरी नाही.

मापं : पेग मेजर ३० आणि ६० मिलीचं असतं, १५ मिलीचं शोधत बसू नका. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं टोपण, ज्यावर ५, १०, १५ च्या रेघा असतात, ते धुऊन घ्या. पेग मेजरही एकदा वजनकाट्यावर तपासा. ३० मिली पाणी ३० ग्रॅम भरायला हवं. बाजारात मिळणारी मेजरं काठोकाठ भरल्यावर ३३-३४ भरतात असं सर्रास दिसतं. टकिलाला तेवढ्याने फरक पडत नाही. लिंबाच्या रसाला पडतो.

२० ऑक्टोबर, रविवार : रस मिक्सरमधून, आणि का नको

पपनस सोललं, फोडी सुट्या केल्या, बिया काढून सरळ मिक्सरच्या भांड्यात. दहा सेकंद फिरवून गाळणीने गाळलं. रस गुलाबीसर, फेसाळ, दिसायला झकास. चवीला असा कडू की साखर दुप्पट करूनही जिभेच्या मागच्या बाजूला कडवटपणा बसून राहिला. तो सगळा रस ओतून द्यावा लागला. एक फळ, सत्तर रुपये, पाऊण तास गेला.

कारण नॅरिंजिन. पपनसाचा आणि ग्रेपफ्रूटचा मुख्य कडवटपणा त्याचा, आणि ते सगळ्यात जास्त असतं पांढऱ्या सालीत आणि फोडीभोवतीच्या पापुद्र्यात. मिक्सरने तो पापुद्रा बारीक कुटला जातो आणि नॅरिंजिन रसात उतरतं. एकदा उतरलं की गाळून निघत नाही. दाबून रस काढणाऱ्या यंत्रातही, जोर लावला तर तेच होतं.

दुसरं फळ हाताने :

वरची-खालची टोपी कापून फळ ताटात उभं ठेवायचं, सुरीने साल आणि पांढरा भाग वरून खाली सोलत जायचं. फळ दोन भाग करून फोडी सुट्या करायच्या. प्रत्येक फोडीची मधली शीर, जिथे पापुद्रा जाड असतो तिथे, सुरीच्या टोकाने चिरायची आणि पापुद्रा दोन्ही बाजूंनी मागे उलटायचा. आतला गर मोकळा होतो. लांबट, मोत्यासारखे दाणे एकमेकांना जेमतेम चिकटलेले, बोट लावलं की सुटतात. पापुद्रा फाटून गराला चिकटला तर तेवढा तुकडा सोडून द्या, हाव धरू नका.

हे दाणे मलमलच्या ओल्या फडक्यात घालून हलक्या हाताने पिळायचे. शेवटचे चार थेंब काढण्यासाठी पिळा घट्ट करू नका, तेवढ्यात कडूपणा वाढतो. सव्वा किलोच्या फळातून २८० मिली रस निघाला. वेळ २५ मिनिटं, सवय झाली की १५.

आता चव बरोबर : आधी गोड, मग आंबट, शेवटी किंचित कडू. तो किंचितपणा राहू द्यायचा. त्याच्याशिवाय हे लिंबू सरबत होतं.

रस स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यातच. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट रस ठेवू नये, धातू रसात उतरतो. हल्ली मिरवायला तांब्याचे मग मिळतात. आतून कल्हई किंवा स्टीलचा थर नसेल तर ते शोभेलाच ठेवा.

२३ ऑक्टोबर, बुधवार : आंबटपणा मोजायचा कसा

पहिलं प्रमाण असं होतं : टकिला ६०, पपनसाचा रस ६०, लिंबाचा रस १०, साखरेचा पाक २०, सोडा ७५. जड लागलं. गोड आधी, टकिला नंतर, आंबट कुठेच नाही.

पीएचच्या कागदी पट्ट्यांनी इथे काही साधत नाही. पट्टी आम्लाची तीव्रता दाखवते, जिभेला जाणवतं ते एकूण आम्ल किती त्यावर. लिंबाच्या रसात साधारण ६ टक्के आम्ल असतं, ग्रेपफ्रूटमध्ये २ च्या आसपास, संत्र्यात १ च्याही खाली. पपनस या शेवटच्या दोघांच्या मध्ये कुठेतरी पडतं आणि फळागणिक बदलतं. म्हणून रोज एकच प्रमाण वापरून एकच चव येणार नाही.

तोडगा म्हणून नमुन्याचं पाणी करून ठेवलं. ५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड आणि ४५ ग्रॅम साखर एका मापात घेऊन पाण्याने ५०० मिलीपर्यंत भरायचं. म्हणजे १ टक्का आम्ल, ९ टक्के साखर. हे गार करून, पपनसाचा रसही तितकाच गार करून, एकाआड एक चमचा चाखायचा. तापमान सारखं हवं, गार रस कमी गोड लागतो. रस नमुन्याइतका आंबट असेल तर लिंबू १५ मिली. त्याहून फिका असेल तर २०. जास्त आंबट असेल तर १२. यापेक्षा शास्त्रशुद्ध काही करायची गरज घरात पडत नाही.

टकिला ६० वरून ४५ वर आणली. ६० मिली ठेवायची तर सोडा आणि रस दोन्ही वाढवावे लागतात, मग ग्लास मावत नाही. ४५ मिलीत टकिलाचा मिरमिरीत वास रसाच्या वर राहतो.

पाक म्हणजे साखर आणि पाणी वजनाने समान. १०० ग्रॅम साखर अधिक १०० ग्रॅम पाणी, साखर विरघळेपर्यंत कोमट करायचं, उकळायचं नाही. साधारण १६० मिली होतो. वाटीच्या मापाने केला तर साखर कमी पडते, कारण वाटीभर साखरेत मध्ये हवा असते. गुलाबजामाचा एकतारी पाक इथे चालत नाही. गार ग्लासात तो तळाशी बसतो आणि शेवटचा घोट नुसता गोड लागतो.

मिठाचं पाणी : २० ग्रॅम मीठ, ८० ग्रॅम पाणी, ड्रॉपरच्या बाटलीत. ग्लासाला ४ थेंब. मीठ कडवटपणा दाबतं आणि त्यामुळे गोड-आंबट दोन्ही पुढे येतात. खारट लागलं तर जास्त झालं. कोरडं मीठ शेवटी टाकलं की सोडा फसफसून वर येतो आणि गॅस तिथेच जातो. विरघळवून आधी घालण्याचं कारण ते.

२६ ऑक्टोबर, शनिवार : वास सालीत आहे

चव जमली तरी काहीतरी राहून जात होतं. ग्रेपफ्रूटच्या सोड्याला जो वास असतो तो पपनसाच्या रसात नाही. तो असणारच नाही, कारण लिंबूवर्गीय फळांचा वास सालीच्या तेलात असतो, रसात नाममात्र. ग्रेपफ्रूटला ओळख देणारं नूटकॅटोन पपनसाच्या सालीतही असतं. म्हणजे जे आपण फेकत होतो त्यातच खरी गोष्ट.

पद्धत : पपनस कोमट पाण्याने घासून धुवायचं, पुसायचं. बटाटे सोलायच्या सोलाण्याने वरची पिवळसर-हिरवी साल पातळ पट्ट्यांत काढायची. पट्टीची आतली बाजू बघा. पांढरी दिसली तर सोलाणं खोल गेलं. सुरी आडवी धरून ते पांढरं खरवडून काढा. ४० ग्रॅम साल, ७५ ग्रॅम साखर. स्टीलच्या भांड्यात बत्त्याने हलकेच चेचायचं, साखर ओलसर दिसेपर्यंत. झाकून चार तास. साखर तेल ओढून घेते आणि भांड्यात पिवळट, घट्ट ओल उतरते. त्यावर ७५ ग्रॅम गरम पाणी, साखर विरघळली की लगेच गाळायचं. १२० मिलीच्या आसपास पाक होतो, आठ ग्लासांना पुरतो.

रात्रभर ठेवलेली एक खेप कडू झाली. सालीला पांढरा भाग राहिला होता, आणि वेळ मिळाला की तो कडवटपणा सोडतोच. चार तासांत तेल जवळजवळ सगळं आलेलं असतं, पुढचे तास फक्त नुकसानीचे. गाळल्यावर साल पुन्हा दाबून पिळू नये, कारण तेच.

किसणीने किसलेली साल वापरून पाहिली. झटपट होतं, पण किसणी पांढऱ्यापर्यंत पोचतेच आणि बारीक कीस गाळणीतून उतरून ग्लासात तरंगतो. सोलाणंच बरं.

या पाकाने ग्लासाची तऱ्हा बदलली. आधीच्या साऱ्या खटपटीत एवढा फरक कशानेच पडला नव्हता. कोणाला सगळंच करायचा कंटाळा असेल त्याने निदान हे एक करावं.

२७ ऑक्टोबर, रविवार : पपनस नसेल तर

मोसंबी वर्षभर मिळते, म्हणून तीच पहिली आठवते. मोसंबीचा रस काढल्या काढल्या गोड, पण फिका. आम्ल फारच कमी. १०० मिलीला १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड घातल्यावर मार्गावर आला. मग अर्ध्या-पाऊण तासात कडू पडायला लागला. ज्यूसवाल्याकडून बाटलीत आणलेला रस घरी येईस्तो कडवट होतो तो याच कारणाने. हा कडवटपणा नॅरिंजिनचा नाही, लिमोनिनचा. अख्ख्या फळात त्याचं बिनकडू रूप असतं. रस काढला की रसातलं आम्ल त्याचं हळूहळू लिमोनिन करतं. सायट्रिक ॲसिड घालून आपण त्याला मदतच करतो. तेव्हा मोसंबी वापरायचीच तर ग्लासागणिक रस काढायचा, बिया आणि पांढरा भाग न चेचता, आणि लगेच प्यायचा. पाहुण्यांसाठी आधी करून ठेवायला मोसंबी बाद.

नागपुरी संत्रं : वास जबरदस्त, त्यामुळे पेय संत्र्याचं होतं, पालोमा राहत नाही. वाईट नाही, वेगळं आहे. संत्र्याचा रस ६० मिली, लिंबू २०, पाक १०, बाकी तेच. कडवटपणासाठी संत्र्याच्या सालीची एक पट्टी ग्लासावर मुरडून तेल उडवायचं आणि पट्टी आत टाकायची.

बाटलीबंद लिंबाचा रस : नको. तापवून टिकवलेला असतो, शिजल्यासारखा वास येतो. लिंबं महाग झाली तर पेयं कमी करा.

तयार लिंबाच्या चवीचं गोड फेसाळ पेय, टकिला आणि वरून अर्धं लिंबू : हा आळशी मार्ग आहे आणि तो पिण्याजोगा होतो. पाक अजिबात घालायचा नाही, मीठ दोन थेंब जास्त. टॉनिक वॉटर मात्र सोड्याच्या जागी घेऊ नये. त्यात क्विनाइनचा कडवटपणा असतो, पपनसाच्या कडूपणावर तो आणखी चढतो.

३ नोव्हेंबर, रविवार : बर्फ आणि सोडा

यात सांगण्यासारखं कमी, बिघडण्यासारखं जास्त.

फ्रिजच्या ट्रेमधले लहान तुकडे दहा मिनिटांत वितळतात आणि ग्लासात पाणी होतं. त्यांना फ्रीझरचा वासही लागतो. फोडणीची भाजी, हिंग, मासळी, जे काही आत असेल ते बर्फ ओढून घेतो. १०० मिलीच्या स्टीलच्या वाट्यांत पाणी भरून, वर झाकण ठेवून बर्फ जमवला. एका ग्लासाला एक मोठी वडी आणि दोन-तीन छोटे तुकडे. वाटी पालथी करून नळाखाली दोन सेकंद धरली की वडी सुटते. वडी ग्लासात जाते की नाही हे आधी पाहून घ्या. तोंडाशी अडकलेली वडी सुरीने फोडताना ग्लास फुटतो. बर्फासाठी गाळलेलंच पाणी.

सोडा किमान रात्रभर फ्रिजमध्ये. गार द्रवात कार्बन डायऑक्साइड जास्त विरघळून राहतो. कोमट सोडा बर्फावर ओतला की अर्धा गॅस फेस होऊन निघून जातो. ग्लास तिरका धरून कडेने ओतायचा, लांब चमचा तळाशी नेऊन एकदाच वर उचलायचा. ढवळत बसू नका. उघडलेली बाटली दुसऱ्या दिवशी या कामाची नाही.

सोड्याच्या लेबलवर घटकांत ५०० हा क्रमांक असेल तर त्यात सोडियमचे कार्बोनेट आहेत, बहुधा खाण्याचा सोडा. ७५ मिलीत आंबटपणा फारसा मारला जात नाही, पण जिभेला खारटसर लागतं. मिठाचे थेंब ४ ऐवजी २ करा.

शेकरची गरज नाही. सोड्याचं पेय ग्लासातच करायचं असतं. झाकणाच्या स्टीलच्या बाटलीत बर्फ घालून हलवून पाहिलं, तर आतली हवा गार होऊन आकसली आणि झाकण असं बसलं की गरम पाणी ओतून काढावं लागलं. आणि सोडा घालून तर कधीही हलवू नये, झाकण उडतं.

सध्याचं प्रमाण, एका ३५० मिलीच्या ग्लासाला :

टकिला ४५ मिली
पपनसाचा रस ६० मिली
कागदी लिंबाचा रस १५ मिली (फळ पाहून १२ ते २०)
सालीचा पाक १५ मिली
मिठाचं पाणी ४ थेंब
सोडा ७५ मिली

बर्फाआधी सोडा सोडून सगळं ग्लासात, एकदा ढवळून, मग बर्फ, मग सोडा. टकिलात ४२.८ टक्के अल्कोहोल असेल तर बर्फाचं थोडं पाणी धरून पेय ८ ते ९ टक्क्यांच्या दरम्यान बसतं. म्हणजे कडक बीअरच्या पातळीला. चवीवरून तसं वाटत नाही, हाच या पेयाचा धोका.

त्याच दिवशी : ग्लासाची कड

मीठ लावलेली कड मार्गारिटाची, पण इथेही शोभते. इंदुरात राहून जीरावन मसाला लावून न पाहणं शक्यच नव्हतं. पोह्यावर भुरभुरतात तेच, जसंच्या तसं : नाही. हिंग आणि काळं मीठ टकिलाच्या वासावर स्वार होतात, पहिल्या घोटाला टकिला राहत नाही, चाटचा ठेला येतो. भरड असल्यामुळे अर्धं ग्लासात पडतं आणि पेय गढूळ दिसतं.

जमलं ते असं : साधं मीठ २ चमचे, काश्मिरी मिरचीपूड १ चमचा, सुकवलेल्या लिंबाच्या सालीची पूड अर्धा चमचा, जीरावन अर्ध्या चमच्याहून कमी, सगळं एकदा खलून चाळून. लिंबाची फोड ग्लासाच्या फक्त बाहेरच्या कडेला, अर्ध्याच घेराला फिरवायची आणि तेवढाच भाग मिश्रणात टेकवायचा. उरलेली अर्धी कड मोकळी, म्हणजे ज्याला नको त्याने तिकडून प्यावं.

९ नोव्हेंबर, शनिवार : आठ जणांसाठी

आठ ग्लास एकेक करून भरायला लागलो तर शेवटच्याच्या हाती ग्लास येईपर्यंत पहिल्याचा संपतो. सोडा आणि बर्फ सोडून बाकी सगळं आधी एका बरणीत.

टकिला ३६०, पपनसाचा रस ४८०, लिंबाचा रस १२०, सालीचा पाक १२०, मिठाचं पाणी दीड मिली. एकूण १०८० मिली. प्रत्येक ग्लासात १३५ मिली मिश्रण, बर्फ, ७५ मिली सोडा. दोन मोठी पपनसं, दहा लिंबं, सोड्याची एक बाटली.

मिश्रण दोनदा गाळा. रसातले धागे राहिले की सोडा ओतताच त्यांच्यावर बुडबुडे जमून फेस भसकन वर येतो. बरणी फ्रिजमध्ये चार-पाच तास चांगली राहते. सकाळी करून रात्री काढलेल्या मिश्रणात लिंबाचा ताजेपणा गेला होता. आणखी २० मिली ताजं लिंबू पिळून सावरलं. तेव्हा टकिला, पपनस, पाक, मीठ दुपारी एकत्र करा, लिंबू शेवटी, पाहुणे यायच्या तासभर आधी.

खर्च : टकिला १६३२, पपनसं १४०, लिंबं ५०, सोडा २०, साखर ५. एकूण १८४७ रुपये, ग्लासाला साधारण २३१. यात जवळजवळ नव्वद टक्के टकिला आहे, म्हणून फळात काटकसर करण्यात अर्थ नाही.

पाहुण्यांना वाढण्याआधी एक गोष्ट विचाराच. ग्रेपफ्रूटप्रमाणे पपनसातही असे घटक असतात जे काही औषधांचं शरीरातलं प्रमाण वाढवतात. कोलेस्टेरॉलवरच्या काही स्टॅटिन गोळ्या आणि रक्तदाबावरच्या काही गोळ्या त्यात येतात. अशी औषधं चालू असतील त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पपनस टाळावं, टकिला असो वा नसो. काका-मामा मंडळींपैकी निम्म्यांच्या खिशात अशी एखादी गोळी असतेच.

दुपारी गच्चीवर बेत असेल तर लिंबं घरात पिळा आणि हात साबणाने धुऊन मगच उन्हात जा. लिंबाचा रस, त्याहून सालीचं तेल, कातडीवर असताना ऊन लागलं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भाजल्यासारखे चट्टे, कधी फोड येतात आणि काळे डाग बरेच आठवडे राहतात.

गाडी चालवणाऱ्यांसाठी आणि एकविशीच्या आतल्यांसाठी : पपनस ६०, लिंबू २०, पाक २०, मिठाचं पाणी ६ थेंब, सोडा १२०. टकिलाची हिरवट मिरमिर हवी तर बी काढलेल्या हिरव्या मिरचीचा एक काप तळाशी हलकेच दाबून मग बाकीचं. काप ठेचू नका. बडोद्याच्या नातेवाइकांनाही हीच कृती द्यावी. गुजरातेत दारूबंदी आहे, परवान्याशिवाय तिकडे बाटली नेण्याच्या भानगडीत पडू नये. पपनसाची पिशवी न्या.

१ डिसेंबर, रविवार : गोठवलेला रस

पपनसं मंडीत कमी होत चालली, म्हणून नोव्हेंबरच्या मध्याला काही रस गोठवून ठेवला होता. हाताने सोडवलेल्या गराचा रस, दोनदा गाळून, ६० मिलीच्या वड्या, झाकणाच्या डब्यात. आज काढून ताज्याशेजारी ठेवून चाखला.

आंबटपणा तसाच. कडवटपणा थोडा वाढलेला, पण हाताबाहेर नाही. मिठाचे २ थेंब जास्त घातल्यावर दबला. ताजेपणाचा वास जवळजवळ गेलेला. सालीचा पाक त्याच दिवशी फ्रीझरमध्ये ठेवला होता. साखरेमुळे तो दगडासारखा गोठत नाही, चमच्याने निघतो. त्याचा वास मात्र शाबूत होता. वडी फ्रिजमध्ये रात्रभर वितळू द्यायची, पाक १५ ऐवजी १८ मिली, लिंबू ताजंच. गोठवलेली वडी बर्फाच्या जागी थेट ग्लासात टाकून पाहिली तर पहिले घोट नुसत्या टकिलाचे आणि शेवटचे नुसत्या पपनसाचे लागले.

मिक्सरमधून काढलेला रस गोठवण्याच्या लायकीचा नाही, तो वितळल्यावर आणखी कडू लागतो. साली मात्र रस काढायच्या आधीच सोलून घ्या. फळ कापल्यावर ओल्या, निसरड्या सालीवर सोलाणं घसरतं आणि बोट कापतं.